क्लिप, चाप, चिमटा की आकडा?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या एका शेतात, मालकाच्या परवानगीने धातुशोधक यंत्र फिरवत असताना चांदीची एक जुनी वस्तू सापडली. दर्शनी बाजूला वेलबुट्टी कोरलेली पट्टी आहे, मागे खाली वळवलेली रुंद, सपाट जीभ आहे आणि पट्टीच्या खालच्या कडेला तीन बारीक कड्या आहेत. जिभेवर नांगर, पाय उचलून चालणारा सिंह, एक सुटे अक्षर आणि दोन आद्याक्षरे असे ठसे आहेत. तिथल्या जाणत्यांनी तिला ‘सिल्व्हर क्लिप’ म्हटले. मराठीत तिला ‘चांदीचा प्राचीन चाप’ म्हटले तर चालेल का?

‘चांदीचा’ एवढाच शब्द त्यातला ठेवावा, असे माझे मत आहे. ‘चाप’ आणि ‘प्राचीन’ हे दोन्ही शब्द या वस्तूला लागू पडत नाहीत. दिलेल्या वर्णनावरून हा आकडा आहे, आणि तोही शंभर-सव्वाशे वर्षांच्या आसपासचा असावा.

इंग्रजीतला ‘क्लिप’ हा शब्द फार सैल आहे. जे जे काही कपड्याला, केसांना किंवा कागदाला धरून राहते ते सगळे त्यात मावते. धरण्याची रीत कोणती, याची तो पर्वा करत नाही. मराठीने ‘क्लिप’ स्त्रीलिंगी करून घेतली खरी, पण आपल्याकडचे जुने शब्द वस्तू कशी धरते यावरून ठरलेले आहेत. संस्कृतात ‘चाप’ म्हणजे धनुष्य. वाकवले की ताण घेणारी आणि सोडले की उसळणारी वस्तू, हा त्या अर्थाचा गाभा बंदुकीच्या चापात दिसतो, केसांच्या चापात दिसतो, आणि एखाद्याला ‘चाप लावला’ असे म्हणताना जो दाब अभिप्रेत असतो त्यातही तो जाणवतो. म्हणून जिथे स्प्रिंग आहे किंवा धातूचा स्वतःचा ताण कामाला येतो, तिथेच ‘चाप’ शोभतो. 1930 च्या दशकात झग्याच्या गळ्याच्या कोपऱ्यांवर बहुधा जोडीने लावत ती साधने चाप म्हणावी अशीच होती, कारण त्यांच्या मागे बिजागरीवर फिरणारे, स्प्रिंगने मिटणारे दातेरी झाकण असे.

चिमट्याला दोन पाती लागतात आणि ती टोकाशी एकमेकांना भिडावी लागतात. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये पायघोळ झग्याची किनार चिखलाला लागू नये म्हणून ती पकडून वर ओढून धरणारे एक साधन होते. त्याची टोके बहुधा वाटोळी नि चपटी असत आणि ते दोरीने किंवा साखळीने कमरेशी जोडलेले असे. धातुशोधकांना ते अधूनमधून सापडते, आणि त्याला मी ‘झग्याचा चिमटा’ असे बेलाशक म्हणेन. बक्कल म्हणायला चौकट आणि तिच्यात फिरणारा काटा हवा. कापड भोसकून आरपार जाते ती पिन.

प्रश्नातल्या वस्तूत यांपैकी काहीच नाही. तिला हलणारा भाग नाही, ताण नाही, टोकही बोथट आहे. ती केवळ वळणाच्या जोरावर आणि खाली लोंबणाऱ्या वजनामुळे कमरपट्ट्यावर टिकून राहणार. असे जे काम करते त्याला मराठीत आकडा म्हणतात. मिशांना ‘आकडेबाज’ म्हणतो तेही त्या वळणामुळेच. खालच्या तीन कड्या तर सरळच सांगतात की इथून तीन साखळ्या सुटत होत्या. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथल्या स्त्रिया कमरेला असा आकडा खोचून त्याच्या साखळ्यांना किल्ल्या, छोटी कात्री, अंगुस्तान, पेन्सिल अशा वस्तू अडकवत. या संपूर्ण साधनाला इंग्रजीत ‘शॅटलेन’ म्हणतात. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘छल्ला’ हा आहे. छल्ला म्हणजे मुळात कडे किंवा अंगठी, पण कमरेला खोचून किल्ल्या लावण्याच्या साधनालाही आपण छल्लाच म्हणतो. साखळ्या शाबूत असत्या तर मी ‘छल्ला’ सुचवला असता. केवळ वरचा भाग उरला असताना ‘छल्ल्याचा आकडा’ हे अधिक काटेकोर होईल.

आता ‘प्राचीन’विषयी. इथे ठसेच बोलतात. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग दर्जा, हजार भागांत 925 भाग चांदी; हा ठसा इंग्लंडमध्ये 1544 पासून आहे. नांगर पाहून वस्तूचा नौदलाशी संबंध जोडण्याचा मोह होतो (मराठीत शेतातला आणि जहाजाचा, दोन्ही नांगरच, आणि सापडला तोही शेतात!), परंतु हा जहाजाचा नांगर बर्मिंगहॅममधल्या, चांदीचा कस तपासून ठसे मारणाऱ्या कार्यालयाची खूण आहे. ते कार्यालय 1773 साली सुरू झाले, त्यामुळे वस्तू त्याआधीची असूच शकत नाही. 1784 ते 1890 या काळात कर भरल्याची निशाणी म्हणून राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाचाही ठसा मारला जाई. तो इथे नाही, म्हणून वस्तू 1890 नंतरची असण्याकडे कल झुकतो. अर्थात लहान वस्तूंना काही सवलती होत्या, तेव्हा एवढ्या एका पुराव्यावर विसंबू नये. निर्णय सुट्या अक्षराने होईल. ते सालाचे अक्षर असते, पण वर्णमाला संपली की तीच अक्षरे पुन्हा पहिल्यापासून येतात, म्हणून अक्षराचे वळण आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार ही दोन्ही तक्त्याशी जुळवून पाहावी लागतात. शिवाय बर्मिंगहॅममध्ये त्या काळी हे अक्षर जुलैत बदलत असे, त्यामुळे साल लिहिताना ‘1901–02’ अशी जोडी लिहिणेच योग्य. काही निघाले तरी ‘प्राचीन’ हा शब्द इतक्या अलीकडच्या वस्तूला फारच मोठा होतो. ‘जुना’ पुरे. ‘अँटिक’ही टाळावा, कारण नव्या दागिन्याला मुद्दाम दिलेल्या काळपट झिलईलाही आपण हल्ली तेच म्हणतो.

ही काटेकोर नावे म्हणजे निव्वळ हौस आहे असे कोणाला वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगतो. इंग्लंडच्या शेतांत चांदीचा आणखी एक आकडा सापडतो, तो ट्यूडर काळातला, सोळाव्या शतकातला. तो पुष्कळदा सोन्याचा मुलामा दिलेला असतो, दर्शनी बाजूवर तारकामाचे किंवा रव्यांचे फुगीर घुमट असतात, पाठीमागे कापडावर शिवून टाकण्यासाठी आडवी दांडी किंवा कडी असते आणि आकड्याचे टोक चांगले अणकुचीदार असते. बोलताना त्यालाही कोणी ‘क्लिप’ म्हणून मोकळे होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लागू असलेल्या 1996 च्या ट्रेझर अॅक्टनुसार निदान 300 वर्षे जुन्या आणि वजनाने निदान 10 टक्के सोने किंवा चांदी असलेल्या वस्तूची खबर, ती तशी आहे हे लक्षात आल्यापासून 14 दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) द्यावी लागते. ट्यूडर आकडा त्यात बसतो, बर्मिंगहॅमचा बसत नाही. तरीही ठशांचा अंदाज स्वतःच्या भरवशावर न सोडता पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या) स्थानिक अधिकाऱ्याला वस्तू दाखवावी, आणि तोवर ती घासून चकचकीत करू नये. काळपट थर घासताना बारीक ठसेही झिजून जातात.

राहता राहिली लेखनाची एक अडचण. ‘आकडा’ म्हणजे संख्याही असल्यामुळे ‘शेतात तीन आकडे सापडले’ असे लिहिले तर वाचणारा क्षणभर गोंधळेल. अशा ठिकाणी ‘कमरेचा आकडा’ किंवा ‘छल्ल्याचा आकडा’ असे विशेषण जोडूनच लिहावे. ‘आकडी’ हे लहानपणा दाखवणारे रूप व्याकरणात बसते, पण तो शब्द झटक्यांच्या आजाराने केव्हाच बळकावला आहे, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.