अंगणातल्या कोट्यावर पांढरे चट्टे

प्रश्न : पार्ल्याला आमचं तळमजल्याचं घर आहे. मार्चमध्ये मागच्या अंगणात कोटा फरशी बसवून घेतली. सिमेंटचे डाग काढायला मिस्त्रीने ऍसिड मारलं आणि जूनच्या तोंडावर वरून चकचकीत सीलर, म्हणजे दगडात पाणी मुरू नये म्हणूनचा लेप, लावला. आता ऑगस्टमध्ये सगळीकडे पांढरे चट्टे आलेत, कुंड्यांभोवती हिरवं-काळं झालंय आणि पाय घसरतो. यजमान काठी घेऊन चालतात, म्हणून धास्ती वाटते. मिस्त्री म्हणतो, पुन्हा ऍसिडने धुऊ. धुऊ द्यावं का?

उत्तर : ताई, अजिबात नको.

कोटा काय, शहाबादी काय, कडप्पा काय, सगळे चुनखडीचे दगड. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की उठणारा पांढुरका डाग तुम्ही पाहिला असेलच. कितीही घासा, तो जात नाही, कारण तिथला दगडच खाल्लेला असतो. ऍसिड टाकल्यावर जो फेस येतो, तो मळाचा नसून दगडाचा असतो. दादरच्या एका वाड्याच्या पायऱ्यांवर पंचवीस वर्षांपूर्वी मीच ऍसिड मारायला सांगितलं होतं. त्यांच्या कडा अजून खरखरीत आहेत. तिथून जाताना माझी नजर आधी त्यांच्याकडे जाते.

तुमच्याकडे पांढरं दोन-तीन कारणांनी आलं असावं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पाऊस उघडून फरशी सुकली की चट्ट्यावर बोट घासा. पिठासारखं बोटाला लागलं तर तो खार. खालच्या सिमेंटच्या मालातले क्षार ओलाव्याबरोबर वर येतात आणि पाणी उडालं की मागे राहतात. नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला तर सीलरच्या थराखाली ओल कोंडली आहे. यातलं काहीच नाही, पण हाताला फरशी खरखरीत लागते? मग ते ऍसिडचं काम. उंबऱ्यालगत ऍसिड न पोचलेला तुकडा असेल तर त्यावर हात फिरवून बघा, फरक लगेच कळेल.

पावसाळ्यात दुरुस्तीला हात लावू नका. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, खालचा माल सुकणार कसा? दिवाळीनंतर आधी सीलर काढून घ्या. त्याचं रिमूव्हर मिळतं; त्यात ऍसिड नाही ना, हे डब्यावर वाचा आणि कोपऱ्यातल्या एकाच फरशीवर लावून पाहा. खार कोरड्या नायलॉनच्या ब्रशने झाडा. धुतलात तर विरघळून पुन्हा आत मुरेल. तारेचा ब्रश नको, त्याचे कण अडकून गंजाचे ठिपके पडतात. खरखरीत भागावर फरशी घासायची मशीन मारावी लागेल, पण आरशासारखं पॉलिश मागू नका. मशीनला लावायच्या 120 नंबरच्या घासायच्या पत्थरावर थांबवा, पायाला पकड राहते.

नवा सीलर जानेवारीच्या आधी नको, आणि तोही दगडात मुरणारा, वाफ बाहेर जाऊ देणारा. लावण्याआधी रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवा. सकाळी खाली दव दिसलं तर अजून थांबा. रंग गडद दिसावा म्हणून काही जण तेल चोळतात. त्यावर धूळ बसून काळे डाग पडतात. उघड्यावरचा कोटा थोडा फिका पडणारच. अंगणात पाणी साचत असेल तर मशीन मारण्याआधी उतार सुधारून घ्या, दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर. नाहीतर खार दरवर्षी येईल.

शेवाळ मात्र आजच काढा. ब्लीचचं पातळ पाणी दहा मिनिटं ठेवून ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. मिस्त्रीची ऍसिडची बाटली घरात उरली असेल तर ब्लीचच्या जवळपासही येऊ देऊ नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो. कुंड्या विटांवर उचलून ठेवा. सुरुवात दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेने करा, यजमान तिथूनच जात असतील. बाकीचं अंगण दिवाळीपर्यंत थांबू शकतं.