बाज, केळीचं पान आणि पाठीवरचा लाल डाग

वॉर्डातली नोकरी संपली तरी तुमची पत्रं मला अजून वॉर्डातच नेऊन उभी करतात. या वेळी चार प्रश्न घेते.

वडिलांना लकवा मारून दीड महिना झाला. बाजेवर झोपून असतात, ‘पाठ आग करस’ म्हणतात. माकडहाडाशी लाल डाग दिसतोय. शेजारी म्हणतात, तेल चोळा आणि केळीच्या पानावर झोपवा. (एक वाचक, रावेर)

दादा, चोळू अजिबात नका. डागावर बोट दाबा आणि उचला. जागा क्षणभर पांढरी पडून परत लाल झाली, तर वेळ हातात आहे. दाबूनही लालच राहिली, तर आतल्या मांसाला इजा सुरू झाली आहे आणि चोळल्याने ती वाढेल. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही. तिथे हात लावून बघा, आसपासच्या जागेपेक्षा गरम किंवा कडक लागते का.

पानाचं म्हणाल तर ते गुळगुळीत असतं, अंगाला चिकटत नाही, भर मे महिन्यात गारही वाटतं. धुऊन अंथरलंत तर माझी हरकत नाही. पण जखम होते ती हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस चेपून रक्त थांबतं म्हणून, आणि पान तो दाब काढत नाही. दाब निघतो कूस बदलल्यावर. दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा. घरातल्यांनी पाळ्या लावून घ्या, एकट्या आईवर टाकू नका. लाली आहे तोवर पाठीवर झोपवणं टाळा. पूर्ण आडव्या कुशीपेक्षा मागे उशी देऊन साधारण ३० अंश कलवलेलं बरं, नाहीतर सगळा भार खुब्यावर येतो. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी सोडा.

आणि ती बाज बदला. मधोमध तिला झोळ पडतो, माणूस खाली घसरत राहतो, त्या घसटीने कातडी फाटते. लाकडी पलंगावर जाड गादी घाला. वर सरकवताना बगलेत हात घालून ओढू नका. अंगाखाली जुनं सुती लुगडं दुहेरी करून ठेवा आणि दोघांनी दोन्हीकडून धरून उचला. रबरी रिंग नको, तिच्या कडेवर नवा दाब येतो. एअर बेड आणलात तरी कूस बदलावीच लागते. घाम आला की पुसून टिपून कोरडं करा. जेवणात घट्ट वरण, मूग, चालत असेल तर अंडं द्या, कारण कातडी भरून यायला प्रथिनं लागतात. कातडी फुटली, पाणी किंवा वास येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला. पाणी पाजलं की ठसका लागतो. मी त्यांना झोपवूनच चमच्याने पाजते. (अमळनेर)

ताई, आजपासून झोपवून एक थेंबही नको. पाणी पातळ म्हणून ते श्वासनळीत सगळ्यांत सहज उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, एका वेळी थोडंसं. घास गिळल्याशिवाय दुसरा नको. गालात अन्न साठलंय का तेही बघा. जेवल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवा. मऊ खिचडी, दाट पेज बऱ्याचदा पाण्यापेक्षा नीट गिळली जाते, पण काय द्यायचं हे गिळण्याची तपासणी करून डॉक्टरांनीच ठरवू द्या. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतोय का, इकडे कान ठेवा.

मी धुळ्यात जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. श्वास मोजताना गडबड होते.

बाळा, पेशंटला सांगून श्वास मोजलास की तो मुद्दाम संथ श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावर मनगट तसंच धरून ठेव आणि छातीकडे बघ, पूर्ण ६० सेकंद. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. नाडी अंगठ्याने बघू नकोस, तिथे तुझीच नाडी लागते.

मी असे चार्ट पाहिलेत, ज्यांत सगळ्या वॉर्डाचे श्वास २० लिहिलेले. तसं कधीही करू नकोस. माणूस बिघडत असताना पुष्कळदा आधी श्वास वाढतो, बीपी नंतर पडतं. तो आकडा तू खरा लिहिलास तरच डॉक्टर वेळेत येतील.

काकांना लघवीची नळी लावून घरी सोडलंय. काय सांभाळायचं? (शहादा)

पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहू द्या, पण जमिनीला टेकू देऊ नका. बाजेला वर अडकवली तर लघवी उलटी फिरते. भरगच्च होण्याआधी रिकामी करा, आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. नळीभोवती रोज साबण-पाणी पुरे, पावडर नको. ताप, थंडी, गढूळ लघवी, पोटात तडस किंवा पिशवीत काहीच न येणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. नळी घरी ओढून काढू नका. तिच्या टोकाला मूत्राशयात पाण्याने फुगवलेला फुगा असतो.