‘बळीराजा’ लिहिण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गारपिटीची तुझी बातमी वाचली. ‘अवकाळीने बळीराजाच्या तोंडचा घास हिरावला’ हे पहिलंच वाक्य वाचून वाईट वाटलं, कारण तू चिखल तुडवत त्या द्राक्षबागेत जाऊन आली होतीस. गारेने मणी तडकतो, रस गळून घड चिकट होतो, माश्या घोंगावतात आणि दोन दिवसांत बागेला आंबूस वास सुटतो. हे सगळं तू पाहिलंस, आणि लिहिताना मात्र माझ्या उमेदवारीच्या काळापासून छापून येणारं वाक्य उचललंस. शिवाय द्राक्षं हा काही त्या माणसाच्या तोंडचा घास नव्हे. त्यातून सोसायटीचं कर्ज फिटायचं असतं, औषधाच्या दुकानाची उधारी भागायची असते. व्यापाऱ्याने सौदा मोडला का, हे तू विचारलं असशीलच. मग ते बातमीत का नाही?

आता ‘बळीराजा’. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीची कथा उलटी करून मांडली, तेव्हा या शब्दाला धार होती. दिवाळीत ओवाळताना आजही बाया ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. ते कितीदाही ऐकलं तरी शिळं वाटत नाही, कारण म्हणणारीला ते खरोखर हवं असतं. आपण मात्र ‘शेतकरी’ शब्द दोनदा येऊ नये एवढ्यासाठी बळीराजाला राबवतो. अगं, येऊ दे की दोनदा! त्यापेक्षा कोणता शेतकरी ते सांग. बाग स्वतःची की खंडाने घेतलेली? भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. खंडाने कसणाऱ्याचा खर्च मातीत गेला तरी कागदावर तो कुठेच नसतो. ‘बळीराजा’ म्हटलं की मालक, खंडकरी, मजूर सगळे एका मुकुटाखाली झाकले जातात. माझा राग त्या झाकण्यावर आहे.

हे मला उशिरा कळलं. एका अपघाताची बातमी मी कचेरीत बसून, फोनवरून घेतली आणि शेवटी सवयीने ‘गावावर शोककळा पसरली’ असं लिहून मोकळा झालो. महिन्याभराने त्या गावी गेलो, तेव्हा समजलं की त्या दिवशी तिथे एक लग्न होतं. वाजंत्रीवाल्यांना पैसे देऊन वेशीवरूनच परत पाठवलं होतं. अक्षता पडल्या, पण वऱ्हाड न जेवता उठलं, आणि तो स्वयंपाक संध्याकाळी मयताच्या घरी आलेल्या पाहुण्यांना वाढला. मयताचा भाऊ मला हे सांगत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

रात्री पान सोडायची घाई असते, डोकं चालत नाही, तयार शब्द हाताशी येतात. येऊ देत, पहिल्या खर्ड्यात चालतील. ‘एकच खळबळ’, ‘हळहळ व्यक्त होत आहे’, ‘वरुणराजाची हजेरी’ दिसलं की पेन्सिलीने खूण कर आणि वही उघडून बघ, त्या जागी तू काय पाहिलं होतंस. वहीत काही नसेल तर फोन लाव.

उद्या सकाळी पुन्हा त्या बागेत जा. तडकलेले घड कोण काढतंय, त्यांना रोज किती मिळतो, काढलेला माल कुठे जातो, हे विचार. सातबारा कुणाच्या नावावर आहे तेही. मी संपादकांशी बोललो आहे, सोमवारच्या अंकात जागा ठेवली आहे.

तुझा,
काका