विकतचं लोणचं: ताटात कुठलं, कढईत कुठलं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, कैऱ्या फोडून देणारे बाजारात बसले, आणि तरी यंदा आलेल्या प्रश्नांमध्ये घरच्या लोणच्यापेक्षा विकतच्या लोणच्याचेच प्रश्न जास्त आहेत. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. नोकरी, छोटी घरं, भुसावळ-जळगावचं ऊन, सगळ्यांनाच बरणी घालणं जमत नाही. तर निवडक प्रश्न घेते.

प्रश्न: सासूबाईंच्या हातचं लोणचं असायचं, आता त्यांच्याने होत नाही म्हणून विकतच्या तीन बरण्या आणल्या. तिन्हीवर "कैरीचं लोणचं" लिहिलंय पण एकाची चव दुसरीसारखी नाही. सासूबाई म्हणतात, "बजारनं लोणचं निस्तं खारं शे." कुठला ब्रँड घ्यावा? (एक वाचक, अमळनेर)

ताई, सासूबाईंची जीभ बरोबर सांगतेय. लोणच्याची कैरी बाजारात असते दोन-तीन महिने आणि कारखान्याला लोणचं लागतं बारा महिने, म्हणून सीझनमध्ये फोडी करून त्या कडक मिठाच्या पाण्यात पिंपं भरभरून ठेवतात आणि नंतर लागेल तसं जास्तीचं मीठ धुऊन मसाला-तेल घालतात. या धुण्यात कैरीचा स्वतःचा आंबटपणाही बराच निघून जातो, मग तो भरून काढायला ॲसेटिक नाहीतर सायट्रिक ॲसिड घालतात, लेबलवर २६० आणि ३३० असे नंबर दिसतात ते हेच. झाकण उघडल्या उघडल्या नाकात व्हिनेगरचा झणका येतो तो त्या २६०चा. घरच्या लोणच्यात कैरीच आंबट असते, वरून काही लागत नाही, फरक पडतो तो इथे.

आता ब्रँड. नाव नंतर बघा, आधी बरणी फिरवून मागचं बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जे जास्त ते आधी. कैरीनंतर लगेच मीठ आलं आणि तेल मागे राहिलं तर ते लोणचं खारट लागणार हे दुकानातच कळतं. तेल कुठलं तेही तिथेच लिहिलेलं असतं, आणि चवीतला निम्मा फरक तेलाचाच आहे. आपल्याकडे जीभ शेंगदाण्याच्या तेलाला सरावलेली, बरणीत बहुतेक वेळा सोयाबीन, सरकी, राइस ब्रान असलं काहीतरी असतं, त्यामुळे मसाला चांगला असूनही "आपलं" वाटत नाही.

केप्र, बेडेकर, प्रवीण ही महाराष्ट्री वळणाची लोणची, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद अशी चव, कळण्याच्या भाकरीबरोबर माझ्या मते हीच जमतात कारण उडदाच्या त्या जडसर चवीला हिंग-मोहरी लागते. पचरंगा टाइप उत्तरेकडचं लोणचं सरसोंच्या तेलातलं, बडीशेप-कलौंजी घातलेलं, ते पराठ्याचं लोणचं आहे, भाकरीशी त्याचं सूत जुळत नाही. आंध्राच्या आवकायमध्ये मोहरीची पूड कच्चीच असते, तिखट सढळ, बऱ्याचदा लसूणही, पारंपरिक रीत तिळाच्या तेलाची. आपण तुरीच्या डाळीच्या खिचडीवर कच्चं तेल घेतो ना, त्या तेल-खिचडीबरोबर आवकायची एक फोड घेऊन बघा, पापडसुद्धा आठवणार नाही. छुंदा गोड, तो दशमीबरोबर मुलांना द्या. निलोन्स तर आपल्याच जळगाव जिल्ह्यातलं, १९६२ साली उत्राणला सुरू झालेलं, हे इथल्या पोरांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. वरण-बट्टीबरोबर मात्र कैरीचं नकोच, लिंबाचं घ्या, बट्टीत तूप एवढं असतं की लिंबाचा तो कडसर आंबटपणाच त्याला कापतो.

आणि आणलेल्या त्या तीन बरण्या वाया जाणार नाहीत. जी सगळ्यात खारट आहे त्यातलं पाव किलोभर लोणचं काचेच्या बरणीत काढा, एक मोठी कैरी फोडून फोडी स्वच्छ पुसून कोरड्या करून बिनमिठाच्याच त्यात घाला. अर्धी वाटी शेंगदाणा तेल कडकडीत तापवा, गॅस बंद करा, थोडं निवलं की हिंग आणि चमचाभर मोहरीची डाळ टाका, पूर्ण गार होऊ द्या आणि मग ओता. चार-पाच दिवसांत नव्या फोडी जास्तीचं मीठ ओढून घेतात. हे फ्रीजमध्येच ठेवायचं आणि दोन आठवड्यांत संपवायचं, कारण मिठाचं प्रमाण आपण खाली आणलंय.

प्रश्न: फोडी संपतात, खार उरतो. दर वेळी अर्धी बरणी खार फेकून देते, जीव तुटतो. काय करू? (एक वाचक, शिरपूर)

फेकू नका हो! तो खार म्हणजे तेल, मीठ, तिखट, मोहरी, मेथी, हिंग आणि आंबट असं सगळं एकत्र तयार आहे, स्वयंपाकाला यापेक्षा सोपं काय पाहिजे. आणि इथे माझं ठाम मत सांगते, ताटात जे लोणचं कोणी खात नाही ते कढईत बहुतेक वेळा छान चालतं, कारण शिजवल्यावर ॲसिडचा झणका बराचसा उडून जातो.

तीन गोष्टी सांभाळायच्या फक्त. पहिली, भाजीत वेगळं मीठ घालायचं नाही, शेवटी चाखून मगच. दुसरी, धूर निघणाऱ्या तेलात खार टाकायचा नाही, त्यातली मोहरीची डाळ आणि मेथी क्षणात करपते आणि सगळी भाजी कडू. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आंबटाने बटाटा, हरभरा, डाळ नीट शिजत नाही, कडक राहते, म्हणून आधी जिन्नस मऊ शिजवा आणि खार शेवटी. कुकरमध्ये डाळीबरोबर खार टाकून "डाळ शिजलीच नाही" म्हणणाऱ्यांचे फोन मला येतात, दोष डाळीचा नसतो.

आपल्या भागात करून बघण्यासारखं म्हणजे कच्च्या केळ्याचे काप. रावेर-यावलकडे कच्च्या केळ्यांना तोटाच नाही. दोन कच्ची केळी सालासकट दहा मिनिटं उकडा, बोट दाबलं तर जरा दबेल इतपतच, पिठूळ होऊ देऊ नका. गार झाली की साल काढून बोटाएवढ्या जाडीचे तिरके काप करा. दोन चमचे खार, चमचाभर दाण्याचा कूट, चमचाभर ज्वारीचं पीठ, पाण्याचा हबका मारून लगदा करा, कापांना दोन्ही बाजूंनी चोळा आणि दहा मिनिटं तसेच ठेवा. तव्यावर थोडं तेल, मंद आच, झाकण नाही. ज्वारीच्या पिठामुळे बाहेरून खरपूस पापुद्रा येतो आणि आत केळं मऊ, लोणच्याचा खार कडेने तळला जाऊन तांबूस होतो, तो वास दारापर्यंत जातो. उलटताना घाई करू नका, एक बाजू सुटली की काप आपोआप तव्यावरून सरकतो.

गिलक्याच्या (घोसाळ्याच्या) भाजीलाही खार छान, गिलकं पाणी सोडतं ते आटल्यावरच घाला. फुणके करताना भिजवलेली डाळ वाटली की त्यात चमचाभर खार, मग वाफवा, कढीबरोबर खाताना मध्येच मोहरी लागते. शिळ्या भाकरीच्या चुऱ्यात कांदा आणि खार, हे तर तुम्हाला सांगायला नकोच. फक्त वांग्याच्या भरतात कोणीही लोणचं घालू नका, कृपा करून. वांगं काटक्यांवर भाजायचं, हिरवी मिरची-लसूण ठेचायचं आणि नंतर त्यावर कारखान्याचं ॲसिड, वांग्याची ती धुरकट गोडी मरते.

प्रश्न: पाऊचमधलं लोणचं फ्रीजमध्ये ठेवलं तर वर पांढरं आलं. बुरशी का? (एक वाचक, नंदुरबार)

आधी थोडंसं वाटीत काढून अर्धा तास बाहेर ठेवा. पांढरं वितळून तेल झालं तर ते थंडीने गोठलेलं तेल आहे, बिनधास्त खा. तसंच राहिलं, केसाळ दिसलं, हिरवट-काळपट ठिपके असले, कुबट वास आला तर ती बुरशी, आणि मग वरचं काढून खालचं ठेवायचं नाही, सगळंच टाकायचं. बुरशी वर दिसते तेवढीच नसते.

पाऊच एकदा फोडला की लोणचं कोरड्या काचेच्या बरणीत किंवा चिनी मातीच्या बरणीत काढून ठेवा. ॲल्युमिनियम, पितळ नको, आंबट-खारट धातूला खातं. फोडी तेलाखाली बुडलेल्या पाहिजेत, कमी पडलं तर गरम करून गार केलेलं तेल ओता. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, ओट्यावर गॅसशेजारी ठेवलेलं तेल तेवढ्या गरमीत खवट होतं, म्हणून उन्हाळ्यात उघडलेली बरणी फ्रीजमध्येच बरी.

प्रश्न: वडिलांना बीपी आहे, पण लोणच्याशिवाय घास उतरत नाही. (एक वाचक, धुळे)

दादा, डॉक्टरांनी जे सांगितलंय तेच आधी, मी फक्त हिशोब दाखवते. लेबलवर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. समजा १०० ग्रॅमला ५००० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, तर १५ ग्रॅमच्या एका चमच्यात ७५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, त्यात भाजी, वरण, भाकरी, पापड सगळं आलं. म्हणून बाबांना लोणच्याऐवजी जेवताना ताज्या कैरीचा कीस, त्यावर लाल तिखट, जिरं आणि कच्च्या शेंगदाणा तेलाची धार, मीठ न घालता द्या. कैरी आंबट असली की मिठाची आठवण कमी होते. कैरी नसेल तेव्हा लिंबू पिळलेला कांदा.

प्रश्न: बचत गटाच्या बायका प्रदर्शनात लोणचं विकतात, ते घ्यावं की कंपनीचं? (एक वाचक, चोपडा)

बचत गटाचं घ्या, जरूर घ्या, चव बहुतेक वेळा घराच्या जवळची असते कारण तिथे ताजी कैरी वापरलेली असते. पण डोळे उघडे ठेवून घ्या. बरणीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी नंबर आहे का, कधी केलं ती तारीख आहे का, घटक लिहिलेत का एवढं बघा. काही नसेल तर चिडू नका, ताईंना सांगा की लहान व्यावसायिकांसाठी रजिस्ट्रेशन असतं, ते ऑनलाइन करता येतं, पुढच्या वेळी करून आणा म्हणजे मी मोठी बरणी घेईन. आणि विचारा तेल कुठलं घातलंय. शेंगदाण्याचं म्हणाल्या तर आत्ताच अर्धा किलो बांधून घ्या, दुपारपर्यंत ते संपलेलं असतं.