छोट्या मैदानी तोफांच्या प्रतिकृती जमवायच्या आहेत. घेताना काय बघावं, कुठल्या प्रमाणातली घ्यावी?

आधी चाक बघा. नळी नंतर.

मी पहिली तोफ पणजीतल्या एका दुकानात घेतली. चकचकीत पितळ, पाटीवर 'नेपोलियन'. बाबा डिचोलीत बैलगाड्या बांधणारे मेस्त. त्यांनी नळीकडे पाहिलंच नाही. चाकावर बोट टेकवून म्हणाले, "हा गाडा पहिल्याच बांधावर बसणार."

चाक सपाट होतं, आठ आऱ्यांचं. खऱ्या तोफगाड्याचे आरे तुंब्यापासून (चाकाचा मधला ठोकळा) धावेकडे (बाहेरची लोखंडी पट्टी) जाताना बाहेर झुकतात, चाक बशीसारखं दिसतं. कण्याची टोकं जराशी खाली कललेली असतात, म्हणून जमिनीकडचा आरा उभा राहून भार घेतो. बाबा गाडीची चाकं तशीच घडवायचे.

मग मी मापं शोधली. 1857 च्या 12 पौंडी (12 पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) नेपोलियनचं चाक 57 इंचांचं, आरे 14. (नाव तिसऱ्या नेपोलियनचं, बोनापार्टचं नव्हे, गाजली ती अमेरिकेच्या यादवीत.) 1:12 ला, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शाला, चाक पावणेपाच इंच. त्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी सागवानाची जोडी केली, आरे काडेपेटीच्या काडीहून थोडे जाड. लोखंडी धाव बाबांनी गॅसवर लाल केली, चाकाच्या लाकडी घेरावर चढवली आणि वर पाणी ओतलं. वाफ उठली, कट्ट आवाज झाला आणि सगळे सांधे एकदम आवळले गेले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

दादा म्हणाला, "तोफ ती तोफ, लोक नळीच बघतात." चवथीला पाहुण्यांसमोर त्याने पितळेचीच मांडली, बाबांची कपाटात गेली. बाबा काही बोलले नाहीत. मी आज बोलतो: दादा, तटावरच्या तोफेला पळायचं नसतं, मैदानीला घोड्यांमागे धावायचं असतं. तिचं चाक खोटं असेल तर ती तोफच खोटी. तुमच्या घरीही कुणी 'दिसायला बरी' म्हणेल, ऐकू नका.

प्रमाण 1:12 घ्या. त्याहून लहान घेतलीत तर आऱ्यांतला फरक डोळ्याला नीट कळत नाही. जागा नसेल तर 1:16 चालेल. आणि हो, 1897 च्या फ्रेंच 75 मिलिमीटरसारख्या धक्का गिळणाऱ्या तोफा हव्या असतील तर तिथे नळीखालची धक्का झेलणारी यंत्रणाही तपासा, नुसतं चाक बघून भागणार नाही. नळी आरपार पोकळ असली तरी दारू ठासू नका, ती फुटते.

विकणाऱ्याकडे चाकाचा फोटो मागा, तोही चाकाच्या धारेकडून काढलेला, म्हणजे बशीचा बाक दिसेल. आरे समोर ठेवून काढला तर सपाट चाक आणि बशीसारखं चाक सारखंच दिसतं.