शेड उमरेडला टाकू की हिंगण्यात?

प्रश्न : काका, मेकॅनिकल डिप्लोमा करून तीन वर्षं टूलरूममध्ये काढली. आता स्वतः प्रेसच्या डाय, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, बनवायच्या आहेत. उमरेडला घरची जागा आहे, भाडं शून्य. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत भाडं भरण्यात अर्थ आहे का? – एक वाचक, उमरेड

उत्तर : आहे, पोरा. लहानसंच शेड घे, पण हिंगण्यात घे.

माझ्या धंद्याच्या दुसऱ्या वर्षी डी-टू या टूल स्टीलची एक डाय हीट ट्रीटमेंटहून (तापवून कडक करण्याच्या कामाहून) आली ती कोपऱ्यात तडकूनच. दुसरी केली, तीही तिथेच तडकली. मी स्टीलवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो. शेजारच्या शेडमधले ग्राइंडिंगवाले दादा चहाला आले, तड्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "आतला कोपरा काटकोनी ठेवलास, तिथेच ताण येतो. रेडियस दे, कोपरा गोलसर कर. आणि हार्डनिंगनंतर डाय पार थंड होऊ देऊ नका म्हणावं, हाताला सोसेल इतकी गरम असतानाच टेम्परिंगला, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला परत तापवायला, घाला." तिसरी डाय टिकली. दादांनी चहाच घेतला, पैसे नाही. उमरेडला एकटा असतो तर तो जॉब हातचा गेला असता.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० सालीच हे लिहून ठेवलं : एका धंद्याची माणसं एका जागी नांदली की त्यातली गुपितं तिथल्या हवेतच असतात, पोरं ती नकळत शिकतात. कोल्हापूरचंच बघ. शेताला पाणी देणारी ऑइल इंजिनं, त्यांची दुरुस्ती, सुटे भाग, असं करता करता फाउंड्र्या वाढल्या आणि आज तिथे मोटारींचे भाग ओतले जातात.

फुकट जागेचा मोह मला कळतो. पण जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपुरात काढली, कारण कापूस इथला आणि कोळसा वरोऱ्याचा. डायवाल्याला तसंच वायर-कट (तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी स्टील कापणं), ग्राइंडिंग आणि हीट ट्रीटमेंट हाकेच्या अंतरावर लागतं. महागडी वायर-कट मशीन तू घेऊच नकोस, तासाच्या दराने काम करून घे. मग कधी न केलेला जॉबही घ्यायची हिंमत होते.

एक त्रास होईल : तू शिकवलेला कारागीर दोन शेड पलीकडे जाईल. मला तीनदा हा फटका बसलाय. त्याच्याशी बोलणं तोडू नकोस, पुढे तोच तुला काम आणून देतो.

भाडं जड वाटलं तर शेड वाटून घे. जोडीदार वायर-कटवाला मिळाला तर दोघांच्याही खेपा वाचतील.