बर्गी आले, आजोबा रुसले

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासू-सासरे दादरला, शिवाजी पार्कजवळ. मुलगा बारा वर्षांचा, त्याचा जिवलग मित्र बंगाली. त्या मित्राच्या आजीने गप्पांच्या ओघात सांगितलं, की त्यांच्याकडे मुलं झोपली नाहीत तर ‘बर्गी येतील’ अशी भीती घालतात आणि बर्गी म्हणजे मराठे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर चिरंजीवांनी आजोबांना विचारलं, “आजोबा, आपण लुटारू होतो का?” आजोबांनी फोन आजींकडे दिला, तो अजून परत घेतलेला नाही. “तिकडे काय वाट्टेल ते शिकवतात,” एवढंच आजींकरवी कळलं. हे म्हणतात, मुलाला ऑनलाइन इतिहासाच्या वर्गाला घालू. जुलैत आम्ही मुंबईला येतोय. काय करू?

उत्तर : आधी मुलाला शाबासकी द्या. मनात आलेली शंका त्याने यूट्यूबला विचारली नाही, आजोबांना विचारली. शब्द चुकले, माणूस बरोबर निवडला.

मी मुंबईच्या शाळेत तीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले, कारणे द्या, असले पेपर किती काढले त्याची गणती नाही. पण ‘हे कशावरून?’ असा प्रश्न एकदाही घातला नाही. मुलांनी सनावळ्या पाठ केल्या, मी मार्क दिले, दोघंही सुटलो. तुमचा मुलगा नेमका तो राहून गेलेला प्रश्न विचारतोय.

आता बर्गी. त्या आजी खोटं बोललेल्या नाहीत, हे तुम्ही दोघांनी आधी पचवा. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा पुन्हा पुन्हा बंगालवर चालून गेल्या. पहिल्या स्वारीचे सरदार भास्करराम कोल्हटकर. निघाले होते चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा वसूल करायला. पण वाटेत गावं जळली, माणसं मेली, लोक घरदार टाकून पळाले. कलकत्त्यातल्या इंग्रजांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच ‘मराठा डिच’ पडलं. पुढे तो बुजवून वर रस्ता केला. शेवटी नवाब अलीवर्दीखानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली, तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. बंगालच्या आयाबायांनी हे अंगाईत जपून ठेवलं. त्यांनी का विसरावं?

पण मुलाला सनही सांगा. महाराजांचं निधन १६८० चं, बंगालची पहिली स्वारी १७४२ ची. मध्ये बासष्ट वर्षं गेली. राज्य छत्रपतींच्या हातून पेशव्यांकडे आणि सरदारांकडे सरकलं होतं, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका ही ताकीद मागे पडली होती. आजोबांना ‘मराठे लुटारू’ म्हटल्यावर महाराज आठवले, बंगाली आजींना भास्करराम. दोघं दोन वेगळ्या शतकांबद्दल बोलतायत आणि मध्ये एक बारा वर्षांचा पोरगा सापडलाय.

आजोबांच्या रागाबद्दल. तो एका रविवारचा नाही. तुम्ही राज्य मंडळाच्या शाळेत शिकला असाल तर चौथीचं पुस्तक अख्खं शिवचरित्राचं होतं, आठवतं ना? त्याच वेळी मुंबईतच शेजारच्या बिल्डिंगमधली सीबीएसईची मुलं मराठ्यांचा सगळा इतिहास चार पानांत उरकत होती. एकाच जिन्यावर दोन इतिहास! ही तक्रार दादर-पार्ल्यात मी कैक वर्षं ऐकतेय आणि ती खरी आहे. म्हणून २०२५ मध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांवर स्वतंत्र प्रकरण आलं तेव्हा मलाही बरं वाटलं. मग त्यातल्या नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या साम्राज्यात दाखवल्याचं लक्षात आलं, तिथल्या माजी राजघराण्याने आक्षेप घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. आपल्यावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्याचं गाव आपल्या नकाशात ओढायचं का?

कात्रीचंही तेच. २०१७ मध्ये आपल्या राज्य मंडळाच्या सातवीच्या पुस्तकात मराठ्यांचा भाग वाढला आणि मुघलांचा आक्रसला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारावरचं प्रकरणच गेलं. अभ्यासाचं ओझं कमी केलं, असं सांगितलं गेलं. मला वर्गात उभी राहणारी बाई म्हणून एवढंच विचारायचंय : आग्र्याहून सुटका शिकवताना आग्र्यात कोण बसला होता हे नीट सांगायचं नसेल, तर पेटाऱ्यांची गोष्ट कशी रंगणार? औरंगजेब पंचवीस वर्षं दख्खनेत का अडकून पडला हे कळल्याशिवाय संताजी-धनाजींचं मोल मुलांना कसं कळणार?

असो. तुमचा जुलै.

आजोबांना आणि नातवाला समोरासमोर बसवून ‘आता बोला’ असं करू नका, दोघंही हट्टी दिसतात. पाऊस उघडला की त्यांना शिवाजी पार्कवर पाठवा. चिखल असतो, चपला जुन्या घालायला सांगा. नातवाला आधी एक कोडं घालून ठेवा. हे मैदान पूर्वी माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं. त्याच साली महाराजांच्या जन्माची तीनशे वर्षं ठिकठिकाणी साजरी झाली. म्हणजे जन्म १६२७ चा. मग सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारी १६३० धरून कशी?

आजोबांना उत्तर ठाऊक असणार, नसलं तर ते रात्री शोधतील. जुन्या बखरींच्या आधाराने वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी चालत आली होती. भोर भागातल्या कारीच्या जेधे घराण्याकडे एक शकावली होती, म्हणजे सनावार नोंदींचे जुने कागद. ती टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती छापली. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा निघाला. शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव ज्यांनी गाजवला, त्यांनीच उत्सवाची तिथी मोडणारा कागद उजेडात आणला, लपवला नाही. त्यावर पुढे कित्येक दशकं वाद झाले, समित्या बसल्या आणि या शतकाच्या सुरुवातीला सरकारने १९ फेब्रुवारी पक्की केली. तरी मुंबईत आजही जयंती दोनदा होते, एकदा तारखेने, एकदा तिथीने. ढोलवाल्यांचं काही बिघडत नाही.

हे आजोबांच्या तोंडून ऐकताना नातू ‘कशावरून?’ विचारेल आणि आजोबांना राग येणार नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे आहे. बर्गींचा विषय त्यानंतर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीला निघू द्या. मध्ये एक दिवस काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात काढा. पण सगळी दालनं एका दमात नकोत, मुलं कंटाळतात, गुडघेही बोलायला लागतात.

ऑनलाइन वर्गाला घालायला हरकत नाही. पहिल्याच तासाला मुलाला विचारू द्या, “हे आपल्याला कसं कळलं?” शिकवणारे खुलले तर फी भरा. “आपल्या इतिहासावर शंका घेतोस?” म्हणाले तर पैसे वाचवा.

राहिला फोन. जुलैपर्यंत अबोला ताणू नका. त्या बंगाली आजींना विनंती करून त्यांची अंगाई मुलाच्या फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि येत्या रविवारी आजोबांना ऐकवा. बर्गी हा शब्द आपल्या ‘बारगीर’वरून गेलाय, आजोबा बरोब्बर पकडतील. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. हा फरक आम्ही शाळेत दोन मार्कांना विचारायचो. आजोबा त्यावर अर्धा तास बोलतील, फोन चार्ज करून ठेवा.